एबी फॉर्म, पर्यायी उमेदवार आणि माघार: पक्षाची उमेदवारी कशी ठरते व कशी बदलते

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत हिंगोलीतून शिवसेनेने तत्कालीन खासदार हेमंत पाटील यांचे नाव पहिल्याच यादीत जाहीर केले होते. आठवडाभरात, अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी, ते नाव बाजूला ठेवून बाबूराव कदम कोहळीकर यांना उमेदवारी देण्यात आली. जाहीर झालेले तिकीट असे काढून घेता येते का, हा प्रश्न त्या दिवसांत मला कितीतरी नव्या कार्यकर्त्यांनी विचारला. उत्तर सरळ आहे: येते. यादी हा पक्षाचा अंतर्गत निर्णय असतो आणि कायद्यापुरती उमेदवारी ठरते ती निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर वेळेच्या आत पोहोचलेल्या कागदांवरून. हे कागद कोणते, ते कोणी आणि कधी द्यायचे, उमेदवार बदलण्याची मुभा कुठपर्यंत असते आणि ती कुठे संपते, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत लोकसभेचे ८ आणि विधानसभेचे ४६ मतदारसंघ आहेत, आणि दर निवडणुकीत हे काम पहिल्यांदाच अंगावर घेणारी मंडळी प्रत्येक तालुक्यात असतात. परभणी जिल्ह्यात मी बरीच वर्षे उमेदवारांची कागदपत्रे तयार करून देत आलो आहे. पाच वर्षे गावोगाव फिरलेला माणूस एका सहीपायी बाद होतो तेव्हा ते फार जिवाला लागते, म्हणून हे सविस्तर लिहितो.

पक्षात नाव कसे ठरते

बहुतेक पक्षांत आधी इच्छुकांकडून अर्ज मागवले जातात, मग निरीक्षक जिल्ह्याच्या ठिकाणी येऊन मुलाखती घेतात आणि नावे प्रदेश पातळीवर जातात. काँग्रेसमध्ये छाननी समिती नावे गाळून केंद्रीय निवडणूक समितीपुढे ठेवते. भारतीय जनता पक्षातही प्रदेशाकडून आलेल्या नावांवर केंद्रीय निवडणूक समिती शिक्कामोर्तब करते. प्रादेशिक पक्षांत अंतिम शब्द बहुधा पक्षप्रमुखांचा असतो. आघाडी किंवा युती असेल, तर जागावाटपात मतदारसंघ कोणाच्या वाट्याला जातो यावरच निम्मे ठरते, आणि मराठवाड्यात उमेदवार बदलण्याचे प्रसंग येतात ते पुष्कळदा याच गाठीमुळे.

पक्षाने नाव कोणत्या पद्धतीने निवडावे, हे लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ मध्ये कुठेही सांगितलेले नाही. त्यामुळे मुलाखतीत पहिला आलो तरी डावलले, ही तक्रार निवडणूक निर्णय अधिकाऱ्यापुढे नेऊन उपयोग होत नाही. एक बंधन मात्र पक्षावर आहे. ज्याच्यावर फौजदारी खटले प्रलंबित आहेत अशा व्यक्तीची निवड केली, तर त्या खटल्यांचा तपशील आणि दुसरा कोणी का निवडला नाही याची कारणे पक्षाने निवडीपासून ४८ तासांत प्रसिद्ध करावी लागतात. निवडून येण्याची क्षमता एवढेच कारण पुरेसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. अशा उमेदवाराचे नाव तुमच्या तालुक्यातून गेले असेल, तर खटल्यांची माहिती आधीच पूर्ण गोळा करून पक्ष कार्यालयाला द्यावी.

तारखा आधी कागदावर मांडाव्यात

अधिसूचना निघाल्यापासून सातव्या दिवशी अर्ज भरण्याची मुदत संपते, दुसऱ्या दिवशी छाननी होते आणि छाननीनंतर दोन दिवसांनी माघारीची मुदत संपते. मध्ये सार्वजनिक सुटी आली तर तारीख पुढे सरकते. २०२४ च्या विधानसभेला हे सगळे दिवाळीत आले: अधिसूचना २२ ऑक्टोबरला, शेवटची तारीख २९, छाननी ३० ला, आणि लक्ष्मीपूजन, पाडवा व रविवार ओलांडून माघारीचा दिवस गेला थेट ४ नोव्हेंबरला. अर्ज सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेतच स्वीकारतात आणि सुटीच्या दिवशी स्वीकारत नाहीत. कॅलेंडर समोर घेऊन प्रत्यक्ष कामाचे दिवस मोजावेत. सात दिवस म्हणता म्हणता हाती पाच-सहाच उरतात.

यादीची वाट न पाहता करायची कामे

नव्या कार्यकर्त्यांची सर्वांत मोठी चूक इथे होते. नाव येऊ द्या, मग कागद करू, असे म्हणत ते बसतात आणि यादी येते शेवटच्या दोन दिवसांत. खरे तर बी फॉर्म (आमचा उमेदवार अमुक, असे पक्ष अधिकाऱ्याला कळवतो तो कागद) सोडला तर बाकीचे सगळे कागद यादीआधी तयार होऊ शकतात.

नामनिर्देशनपत्र लोकसभेसाठी नमुना २अ मध्ये आणि विधानसभेसाठी नमुना २ब मध्ये असते. ते ऑनलाइन भरता येते, पण छापून, सही करून ते प्रत्यक्ष द्यावेच लागते. विधानसभेसाठी निवडणूक निर्णय अधिकारी बहुधा उपविभागीय अधिकारी असतात, लोकसभेसाठी जिल्हाधिकारी. अर्ज स्वतः उमेदवाराने किंवा त्याच्या सूचकाने, म्हणजे अर्जावर सही करून त्याचे नाव सुचवणाऱ्या मतदाराने, नेऊन द्यायचा असतो. भाऊ, चालक किंवा स्वीय सहायक सूचक नसेल तर त्याच्या हातून तो घेतला जात नाही. आत जाताना उमेदवारासोबत चारच माणसे जाऊ शकतात, म्हणून कोणते चार हे आदल्या रात्रीच ठरवावे, आणि त्यांत कागद समजणारा एक तरी असावा.

अनामत रक्कम लोकसभेला २५,००० आणि विधानसभेला १०,००० रुपये आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला, तो खुल्या जागेवर उभा असला तरी, निम्मी. एका उमेदवाराला त्याच मतदारसंघात चारपर्यंत अर्ज भरता येतात आणि अनामत एकदाच भरावी लागते. निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खाते अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडलेले असावे. उमेदवाराचे नाव दुसऱ्या मतदारसंघाच्या यादीत असेल, म्हणजे मतदार गंगाखेडचा आणि लढतो पाथरीतून, तर त्या यादीतील नोंदीची प्रमाणित प्रत जोडावी लागते. ती तहसीलमधून मिळायला कधी अर्धा दिवस जातो.

नमुना २६ मधील शपथपत्र सर्वांत वेळखाऊ असते. मालमत्ता, कर्जे, खटले, शिक्षण, पती किंवा पत्नी व अवलंबितांची माहिती असे सगळे रकाने भरायचे असतात, आणि जिथे काही नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे लिहायचे असते. रेघ मारून सोडू नये, कोरे तर मुळीच सोडू नये. कोऱ्या रकान्यांबद्दल अधिकारी लेखी सूचना देतो आणि तरीही ते भरले नाहीत तर अर्ज फेटाळू शकतो. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर यात सवलत उरलेली नाही. मराठवाड्यात एकत्र कुटुंबाची जमीन, वाटणीपत्र झालेले पण फेरफार न झालेले गट, सोसायटीचे पीककर्ज या तीन ठिकाणी माणसे अडतात. सातबारा आणि आठ-अ समोर ठेवून हा भाग वकिलाकडून तपासून घ्यावा.

उमेदवाराची शपथ किंवा प्रतिज्ञा ही वेगळी गोष्ट आहे. ती अर्ज भरल्यानंतर अधिकाऱ्यासमोर घ्यायची असते आणि छाननीच्या तारखेच्या आधी झालेली असावी लागते. अर्ज दिल्याबरोबर तिथेच ती उरकून पोच घ्यावी.

सूचक

मान्यताप्राप्त, म्हणजे निवडणूक आयोगाने राष्ट्रीय किंवा राज्य पक्ष म्हणून मान्य केलेल्या, पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्ष आणि नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला दहा लागतात. प्रत्येक सूचक त्याच मतदारसंघाचा मतदार असला पाहिजे. मतदारसंघाच्या सीमेवरची गावे इथे घात करतात, कारण बाजारहाट एका तालुक्यात असतो आणि मतदान दुसऱ्या मतदारसंघात. सूचकाने स्वतः सांगितलेल्या माहितीवर न विसंबता यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक अद्ययावत मतदार यादीतून पाहूनच लिहावा. अंगठा लावणाऱ्या सूचकाचा अंगठा निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा त्याने अधिकृत केलेल्या अधिकाऱ्यासमोरच घ्यावा लागतो, घरी घेतलेला चालत नाही.

सूचक भरवशाचा हवा. २०२४ मध्ये सुरतेत काँग्रेसच्या उमेदवाराच्या सूचकांनी सह्या आपल्या नाहीत असे सांगितले, उमेदवाराचा अर्ज फेटाळला गेला, पर्यायी उमेदवाराचाही त्याच कारणाने गेला आणि अखेर तिथे निवडणूक बिनविरोध झाली.

आता माझा आग्रह. पक्षाच्या उमेदवारानेही किमान एका अर्जावर दहा सूचकांच्या सह्या घेऊन ठेवाव्यात. याचे कारण पुढे ‘एबी फॉर्म’ आणि ‘पर्यायी उमेदवार’ या भागांत कळेल.

एबी फॉर्म

गावाकडे ‘एबी फॉर्म’ असा एकच शब्द रूढ झाला असला तरी हे दोन स्वतंत्र कागद आहेत. नमुना ए मध्ये पक्ष कळवतो की या राज्यात उमेदवारांची नावे कळवण्याचा अधिकार अमुक पदाधिकाऱ्याला दिला आहे आणि ही त्याची नमुना सही. नमुना बी मध्ये तो पदाधिकारी कळवतो की या मतदारसंघात आमचा उमेदवार अमुक आहे, आणि त्याचा अर्ज बाद झाला किंवा त्याने माघार घेतली तर पर्यायी उमेदवार अमुक आहे. निवडणूक चिन्हे (आरक्षण व वाटप) आदेश १९६८ च्या परिच्छेद १३ नुसार हे दोन्ही कागद अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ पर्यंत पोहोचलेच पाहिजेत. उमेदवार त्या पक्षाचा सदस्य असला पाहिजे आणि त्याने अर्जातही आपण याच पक्षाचे असल्याचे घोषित केलेले असले पाहिजे. आदल्या रात्री पक्षात आलेल्या माणसाची सदस्य म्हणून नोंद झाली आहे ना, हे आधी पाहावे.

सह्या शाईच्याच लागतात. छापील सही, रबरी शिक्का, फॅक्सवर आलेला फॉर्म, यांपैकी काहीही चालत नाही.

एका विधानसभा निवडणुकीच्या शेवटच्या दिवशी, दुपारचे पावणेदोन वाजले असतील, एका उमेदवाराच्या पुतण्याने पाकिटातून बी फॉर्म काढून माझ्या हातात दिला. सही निळी, ठसठशीत. मी कागद उलटा करून सहीच्या जागी अंगठा फिरवला. पेनाने दाबून सही केली की मागच्या बाजूला बारीक उंचवटा लागतो. इथे कागद काचेसारखा गुळगुळीत होता. ती रंगीत झेरॉक्स होती. मूळ फॉर्म मागच्या गाडीत राहिला होता आणि फोन केला तेव्हा ती गाडी जालन्याच्या अलीकडे होती. परभणीला ती चारच्या सुमारास पोहोचली. त्या उमेदवाराच्या दुसऱ्या अर्जावर दहा सूचक होते, म्हणून निदान तो अपक्ष म्हणून रिंगणात राहिला. पक्षाचे चिन्ह मात्र त्या मतदारसंघात मतदान यंत्रावर दिसले नाही. तेव्हापासून फॉर्म हाती आला की मी आधी त्याची मागची बाजू पाहतो, मग नमुना ए मधील सहीशी ताडून पाहतो, मग उमेदवाराचे नाव मतदार यादीतल्याप्रमाणेच आहे का ते तपासतो. हे तीन मिनिटांचे काम आहे.

उमेदवार बदलायचा असेल तर

अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ पर्यंत पक्षाला उमेदवार हवा तितक्या वेळा बदलता येतो. हिंगोलीतील बदल याच मुदतीत झाला. विधानसभेला औरंगाबाद मध्यमध्ये उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे जाहीर उमेदवार किशनचंद तनवाणी यांनी ऐनवेळी लढण्यास नकार दिला, तेव्हा पक्षाने बाळासाहेब थोरात या दुसऱ्या कार्यकर्त्याला उभे केले, तेही याच मुदतीच्या आत.

मात्र एका मतदारसंघासाठी आधी एकाच्या नावाचा बी फॉर्म दिला गेला असेल आणि नंतर दुसऱ्याच्या नावाचा द्यायचा असेल, तर नव्या फॉर्ममध्ये आधीचा फॉर्म रद्द केल्याचे स्पष्ट लिहावे लागते. चिन्हे आदेशाच्या परिच्छेद १३अ चा हा गाभा आहे. तसे लिहिले नाही आणि दोघांच्याही नावांचे फॉर्म अधिकाऱ्याकडे पोहोचले, तर ज्याचे नामनिर्देशनपत्र आधी दाखल झाले त्याचा बी फॉर्म ग्राह्य धरला जातो आणि दुसरा पक्षाचा उमेदवार राहत नाही. पक्षाच्या मनात कोण होते, नेत्याने फोनवर काय सांगितले, समाजमाध्यमांवर कोणती यादी फिरली, यांतले काहीही इथे विचारात घेतले जात नाही. एकाच पक्षाच्या दोन गटांत चुरस असेल तिथे कार्यकर्ते पहाटेपासून तहसीलच्या आवारात का बसतात, हे यावरून लक्षात येईल.

म्हणून नव्या उमेदवाराच्या बाजूने काम करत असाल, तर फॉर्म घेतानाच पदाधिकाऱ्याला विचारावे: या मतदारसंघाचा आधी कोणाला फॉर्म दिला आहे का? दिला असेल, तर रद्द केल्याचा मजकूर तिथेच लिहून घ्यावा. मुंबईतून निघालेला माणूस मराठवाड्यात पोहोचल्यावर ही उणीव भरून काढायला वेळ उरत नाही.

पर्यायी उमेदवार

लोक त्याला ‘डमी’ म्हणतात आणि त्या शब्दामुळेच त्याच्या कागदांकडे दुर्लक्ष होते. २०२४ मध्ये दोन ठिकाणी या कागदांनी नेमके उलटे निकाल दिले.

रामटेकमध्ये काँग्रेसच्या उमेदवार रश्मी बर्वे यांचे जात वैधता प्रमाणपत्र रद्द झाले आणि छाननीत त्यांचा अर्ज फेटाळला गेला. बी फॉर्ममध्ये पर्यायी म्हणून त्यांचे पती श्यामकुमार बर्वे यांचे नाव होते, त्यांचा अर्जही रीतसर भरलेला होता. ते आपोआप पक्षाचे उमेदवार झाले आणि निवडूनही आले.

इंदूरमध्ये काँग्रेसचे उमेदवार अक्षय कांति बम यांनी माघारीच्या शेवटच्या दिवशी अर्ज मागे घेतला. पर्यायी उमेदवार मोती सिंह पटेल यांनी आपल्याला उमेदवार धरावे अशी मागणी केली, पण त्यांचा अर्ज छाननीतच बाद झाला होता. मुख्य उमेदवाराचा अर्ज वैध ठरला की पर्यायी उमेदवार त्या घडीला मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार उरत नाही, आणि मग त्याच्या अर्जावर एकच सूचक असेल तर तो अर्ज टिकत नाही. दहा सूचक असते, तर तो अर्ज वैध राहिला असता आणि मुख्य उमेदवाराच्या माघारीनंतर पक्षाचे चिन्ह त्यांना मिळाले असते. न्यायालयातही त्यांना दाद मिळाली नाही.

दहा सूचकांचा आग्रह मी यासाठीच धरतो. छाननीत मुख्य अर्ज बाद झाला तर एका सूचकावर भागते, पण मुख्य उमेदवाराने माघार घेतली तर भागत नाही. आणि मुख्य उमेदवार माघार घेईल असे आदल्या दिवशी कोणालाच वाटत नसते.

छाननी आणि माघार

छाननीला उमेदवार, त्याचा निवडणूक प्रतिनिधी, एक सूचक आणि लेखी अधिकार दिलेली आणखी एक व्यक्ती हजर राहू शकते. किरकोळ दोषासाठी अर्ज फेटाळता येत नाही. नावातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक किंवा अनुक्रमांकाची लेखनचूक दुरुस्त होऊ शकते. हरकत आली तर उत्तरासाठी वेळ मागावा. अधिकारी फार तर छाननीनंतरच्या दुसऱ्या दिवसापर्यंत वेळ देऊ शकतो. अर्ज फेटाळला गेला तर निवडणूक चालू असताना न्यायालय सहसा हस्तक्षेप करत नाही. निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करणे हाच मार्ग उरतो.

माघारीची नोटीस नमुना ५ मध्ये असते. ती उमेदवाराने स्वतः द्यावी लागते, किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या सूचकाने अथवा निवडणूक प्रतिनिधीने. एकदा दिली की ती परत घेता येत नाही. बंडखोरांची मनधरणी याच दिवसांत चालते. ज्याला बी फॉर्म मिळाला नाही पण ज्याच्या अर्जावर दहा सूचक होते, तो छाननीनंतर अपक्ष म्हणून रिंगणात असतो आणि त्याला मुक्त चिन्हांपैकी एक मिळते.

अर्ज भरण्याची मुदत संपल्यानंतर पक्षाला नवे नाव पुढे करता येत नाही. कोल्हापूर उत्तरमध्ये २०२४ ला काँग्रेसने आधी राजेश लाटकर यांचे नाव जाहीर केले, मग ते बदलून मधुरिमाराजे छत्रपती यांना उमेदवारी दिली आणि ४ नोव्हेंबरला शेवटच्या क्षणी त्यांनी माघार घेतली. पक्षाचे हात हे चिन्ह त्या मतदारसंघातून गेले. लाटकर अपक्ष म्हणून रिंगणात होते, पक्षाने त्यांना पाठिंबा दिला, पण त्यांना प्रेशर कुकर या चिन्हावरच लढावे लागले. पाठिंबा देणे पक्षाच्या हातात असते. त्या टप्प्यावर चिन्ह देणे नसते.

उमेदवाराचा मृत्यू झाल्यास

मुदत संपल्यानंतर नवे नाव देता येते असा हा एकच प्रसंग आहे. मान्यताप्राप्त पक्षाचा वैध उमेदवार मतदान सुरू होण्यापूर्वी मरण पावला, तर अधिनियमाच्या कलम ५२ नुसार तिथले मतदान पुढे ढकलले जाते आणि आयोग त्या पक्षाला सात दिवसांत दुसरा उमेदवार देण्यास सांगतो. इतर उमेदवारांना नव्याने अर्ज भरावे लागत नाहीत. २०२४ मध्ये मध्य प्रदेशातील बैतूल येथे बहुजन समाज पक्षाच्या उमेदवाराचे निधन झाले तेव्हा २६ एप्रिलचे मतदान ७ मे रोजी घेण्यात आले. १९९६ च्या दुरुस्तीपासून अपक्षाच्या मृत्यूमुळे मतदान थांबत नाही.

नांदेडबाबत काही जण गल्लत करतात, म्हणून सांगून ठेवतो. खासदार वसंतराव चव्हाण यांचे ऑगस्ट २०२४ मध्ये निधन झाले ते निवडून आल्यानंतर. त्यामुळे तिथे कलम ५२ चा संबंध नव्हता. नोव्हेंबरमध्ये पोटनिवडणूक झाली आणि सर्व पक्षांना अधिसूचनेपासून नव्याने अर्ज, नवे बी फॉर्म आणि नवी शपथपत्रे द्यावी लागली. जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि नगर परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्यांचे नमुने व मुदती वेगळ्या असतात, त्यामुळे वर दिलेले आकडे व तारखा तिथे लावू नयेत.